अनुभव धागा: मस्साजोग आणि परभणीनंतर तुमच्या ठाण्यात काय बदललं?

निवृत्त सहायक फौजदार, बीड जिल्हा
९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. दुसऱ्याच दिवशी परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, आणि १५ तारखेला सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. एकाच आठवड्यात मराठवाड्याचे दोन जिल्हे हादरले. टीव्हीवर सगळे बोलले, फक्त ठाण्यात बसणारा बोलला नाही. इथं नोकरी केलेल्यांनी लिहावं. बक्कल नंबर (पोलिसाचा बिल्ला क्रमांक) आणि ठाणं नको, चालू तपासाचं तर काहीच नको.

हवालदार, बीड
२०२५ मध्ये एसपी नवनीत काँवत साहेबांनी आमच्या गणवेशावरच्या नावाच्या पट्टीवरून आडनाव काढलं, फक्त पहिलं नाव ठेवलं. बाहेर लोक हसले. मला हा निर्णय पटला. बांधाच्या भांडणात एक म्हातारा माझी पट्टी वाचून म्हणाला होता, "दुसरे साहेब न्हाईत का?" माझ्या तोंडून शब्द निघायच्या आधीच माझा निकाल लागलेला. आता लोक "गाव कोणतं तुमचं?" विचारून आडनावापर्यंत पोचतातच, पण तेवढ्या वेळात निम्मी फिर्याद सांगून झालेली असते. तेवढंही लई आहे. मात्र बदल्या करतानाही आडनाव असंच झाकलं जावं.

महिला अंमलदार, जालना
१ सप्टेंबर २०२३, अंतरवाली सराटी, मराठा आरक्षणाचं आंदोलन. मी बंदोबस्ताला होते. लाठीमार सगळ्यांनी पाहिला. आमच्याही बाया रक्ताळल्या होत्या, ते फार कोणी दाखवलं नाही. पण आंदोलनातल्या आयाबायांना लागलेलं पाहून मला आजही वाईट वाटतं, हेही लिहिते. समोरच्या गर्दीत माझ्या गावची माणसं होती. पुढे कितीतरी दिवस पारावर माझ्या वडिलांशी कोणी बोलेना. हुकूम देणारे बदलून जातात, आम्हाला त्याच गावात दळण टाकायला जायचं असतं.

तपासी अंमलदार, नांदेड जिल्हा
१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण करावंच लागतं. सुरुवातीला सगळे वैतागले. तांड्यावर रेंज नाही, मोबाईल स्वतःचा, त्यात निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं, पंच आणायचे कुठून? पण एका प्रकरणात जामिनाच्या वेळी आरोपीचे वकील म्हणाले, मुद्देमाल पोलिसांनीच ठेवला. चित्रीकरणात त्याच्याच घरचा माणूस कुलूप काढताना दिसत होता. तो विषय तिथंच मिटला. आता कागदावर सही घेण्याआधी मी कॅमेरा सुरू करतो.

लॉकअप गार्ड, लातूर
परभणीच्या सूर्यवंशी मृत्यू प्रकरणात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं ४ जुलै २०२५ ला पोलिसांवर गुन्हा नोंदवायला सांगितलं, आणि ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश कायम ठेवला. आमच्यातले काहीजण म्हणाले, आता काम कसं करायचं? मी म्हणतो, सरळ करायचं. आरोपी आत घ्यायच्या आधी मी त्याच्या अंगावरची जुनी-नवी खूण बघतो, डॉक्टरांचा कागद वाचतो आणि स्टेशन डायरीला वेळेसकट नोंद टाकतो. एकदा एक साहेब म्हणाले, "आधी आत घे, दवाखाना सकाळी बघू." मी नाही घेतला. चार दिवस बोलणी खाल्ली. ठाण्यात सीसीटीव्ही लावायला सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्येच सांगितलंय, तरी कॅमेरा नेमका नको त्या वेळी बंद पडतो. ज्याच्या हाताखाली तो बंद पडला, त्याला जाब विचारला पाहिजे. कोठडीत माणूस मेला तर त्याच्या आईला आपण काय सांगणार, लाईट गेली होती?

तपासी अंमलदार, नांदेड जिल्हा
लातूरचे दादा, एक जोडतो. वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत अटक झालेल्याला किंवा तो सांगेल त्या माणसाला द्यायची असते. ती घरच्यांच्या हातात द्या आणि पोच घ्या. आम्ही सुरू केलंय. नातेवाईक रात्रभर गेटवर बसायचे, ते आता कागद वाचून घरी जातात.