प्रभावळकरांचं काय उरेल: चिमणराव की बोक्या?

कुर्ल्याची वाचक
दिलीप प्रभावळकरांविषयी बोलताना सगळे चिमणरावापासून सुरुवात करतात. मग 'चौकट राजा', तात्या विंचू, टिपऱ्यांचे आबा, 'लगे रहो मुन्नाभाई'मधले गांधीजी. बोक्या सातबंडे येतो शेवटी, "हो, मुलांसाठीही लिहिलंय त्यांनी" एवढ्यापुरता. मला हे मनापासून खटकतं. नट पाहिलेली पिढी सरली की भूमिका पुसट होतात. बोक्या मात्र वाचला जाईल. २०११ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार बोक्याच्या दहा भागांना मिळाला, तो काही नटाच्या नावावर नव्हे.

नाट्यवेडा
साफ असहमत. खोडकर पण मनाचा चांगला, अडल्यानडल्याच्या मदतीला धावणारा मुलगा मराठीला नवा नाही; भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आधीच घराघरांत होता. पण 'हसवाफसवी'त एकाच प्रयोगात सहा माणसं उभी करणारा दुसरा कोण दाखवाल? त्यांचे कृष्णराव हेरंबकर ज्यांनी नाट्यगृहात बसून पाहिले, त्यांना विचारा. पुस्तक चांगलंच आहे हो, पण दुर्मीळ ती ही गोष्ट.

कुर्ल्याची वाचक
अहो, 'हसवाफसवी' लिहिलं कोणी? त्यांनीच ना! म्हणजे तुमचंही उदाहरण लेखकाचंच झालं.

ग्रंथपाल ताई
माझ्या शाळेतल्या पाचवीच्या मुलांना चिमणराव ठाऊक नाही. दूरदर्शनवरची ती मालिका त्यांच्या आईवडिलांनीही धड पाहिलेली नाही. तरी "बोक्याचा पुढचा भाग आहे का?" असं विचारत येतात.

झेडपीचे गुरुजी
तुमची शाळा शहरातली असावी, ताई. बोक्याचं जग शहरी, मध्यमवर्गीय घराचं. माझ्या वर्गातल्या मुलांनी पहिली दोन पानं वाचून पुस्तक खाली ठेवलं. त्यांचं गाव, त्यांची बोली त्यात नाही, ही उणीव मी लपवणार नाही.
पण मग मीच मोठ्याने वाचायला घेतलं, आवाज बदलून. वर्ग हलला! नंतर लक्षात आलं, बोक्या मुळात आकाशवाणीवर ऐकू आलेला, पुस्तकात तो मागाहून आला. ती वाक्यं कानासाठीच घडलेली. मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यात चेटकीण करणाऱ्या प्रभावळकरांना समोरची मुलं कधी चुळबुळतात, कधी श्वास रोखतात, हे रंगमंचावरच कळलं असणार. म्हणून नट मोठा की लेखक, हा वादच मला पटत नाही.

नाट्यवेडा
गुरुजी, मग तुमच्या वर्गात बोक्या जगला तो तुमच्या अभिनयामुळे. मी तेच म्हणतोय!

झेडपीचे गुरुजी
परवा मी रजेवर होतो. चौथीतल्या एका मुलीने पुढची गोष्ट वर्गाला वाचून दाखवली, सगळ्यांचे आवाज काढून. तिने प्रभावळकरांना कधी पाहिलेलं नाही आणि मीही तिथे नव्हतो.