निषेध, निदर्शने, संप की धरणे? : परदेशी कामावर गेलेल्यांच्या एका हक्कासाठी शब्द हवा

बोरीकाठ (अमळनेर)

आमच्या तालुक्यातून आखातात वेल्डिंग, फिटिंग आणि सेंट्रिंगच्या कामाला जाणाऱ्या मुलांच्या हाती देण्यासाठी आम्ही काही जण चार पानांचे मराठी पत्रक तयार करीत आहोत. करारनाम्याची प्रत घरी का ठेवून जावी, पासपोर्ट कोणाच्या ताब्यात देऊ नये, पगार थकला तर दूतावासाकडे तक्रार कशी नोंदवावी, हे लिहून झाले. अडले ते एका मथळ्यावर. आधाराला घेतलेल्या इंग्रजी मजकुरात 'पीसफुल प्रोटेस्ट'च्या हक्कावर एक प्रकरण आहे. मी त्याचे 'शांततापूर्ण निषेधाचा हक्क' असे भाषांतर केले आणि आखातात सहा वर्षे काढून परतलेल्या एका मुलाला वाचायला दिले. त्याने विचारले, "गुरुजी, निषेध म्हणजे बंदी ना? आमच्या कॅम्पात एका दारावर हिंदीत 'प्रवेश निषेध' लिहिलेले होते." 'शांततापूर्ण'चा अर्थही त्याने 'तोंडातून अक्षर न काढता' असा लावला होता. ज्याच्यासाठी पत्रक लिहिले, त्याला ते वाचून एखादी नवी बंदी आली आहे असे वाटले.

शब्दाची मला इतकी काळजी का वाटते, तेही सांगतो. माझा भाचा ज्या कॅम्पात होता तिथे चार महिने पगार झाला नव्हता. एके दिवशी सकाळी मुले बसमध्ये चढली नाहीत आणि कार्यालयापुढच्या मोकळ्या जागेत बसून राहिली. कोणी दगड उचलला नाही, कोणी काच फोडली नाही. अर्जात मात्र त्यांनी 'आम्ही संपावर आहोत' असे लिहिले, आणि त्या देशात संपाला बंदी असल्यामुळे त्या एका शब्दाचे अरबी भाषांतर पुढे त्यांच्याच विरुद्ध वापरले गेले. भाचा तीन आठवड्यांत परत पाठवला गेला. थकलेला पगार आजतागायत मिळालेला नाही.

तर जाणकारांनी सांगावे : 'प्रोटेस्ट'ला असा कोणता मराठी शब्द आहे, जो दहावीपर्यंत शिकलेल्या मुलाला कळेल आणि त्याला अडचणीत आणणार नाही? जाता जाता, 'मायग्रंट'ला स्थलांतरित म्हणावे की प्रवासी, हेही सांगितल्यास बरे होईल.

तापीकर (भुसावळ)

गुरुजी, 'निषेध' सोडू नका. मूळ संस्कृतात त्याचा अर्थ निवारण किंवा मनाई असाच आहे आणि 'विधिनिषेध' या जोडशब्दात तो आजही टिकून आहे. पण मराठीत 'जाहीर नापसंती' हा अर्थ इतका रुजला आहे की निषेधसभा किंवा 'निषेध असो' ही घोषणा कोणाला समजावून सांगावी लागत नाही. हिंदी पाट्या वाचून वाचून आपल्या मुलांच्या डोक्यातला मराठी अर्थ पुसला गेला असेल, तर पत्रकाने तो पुन्हा शिकवावा. हिंदीच्या धाकाने एकेक शब्द टाकत गेलो तर शेवटी आपल्याजवळ काय उरेल? 'शांततापूर्ण'बद्दल मात्र आपले म्हणणे मान्य आहे. 'शांततामय' लिहावे.

पांझरा (धुळे)

मी वकिली करते, म्हणून कायद्याच्या शब्दांपासून सुरुवात करते. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, म्हणजे 1966 च्या कराराच्या, 21 व्या अनुच्छेदात हक्क सांगितला आहे तो शांततेने एकत्र जमण्याचा. आपल्या संविधानाच्या मराठी पाठातही अनुच्छेद 19 मध्ये 'शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा' असेच शब्द आहेत. दोहोंतला फरक आपल्या मुलांच्या दृष्टीने फार मोठा आहे : अनुच्छेद 19 नागरिकांपुरता आहे, तर करारातला हक्क माणूस म्हणून प्रत्येकाचा आहे. त्या करारावर देखरेख करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने 2020 साली आपल्या 37 व्या सर्वसाधारण टिप्पणीत हे उघड शब्दांत लिहिले : परके नागरिक, कामासाठी आलेले कामगार, मग त्यांच्याजवळ कागदपत्रे असोत वा नसोत, आश्रय मागणारे, निर्वासित, या सगळ्यांना हा हक्क आहे.

त्याच टिप्पणीप्रमाणे 'शांततेने' याचा अर्थ गंभीर हिंसा न करता एवढाच आहे. घोषणा दिल्या, थोडी रेटारेटी झाली किंवा काही वेळ रस्ता अडला, तेवढ्याने जमाव हिंसक ठरत नाही. म्हणून 'शांततामय'नेही भागणार नाही, कारण मराठीत 'शांत बसा' याचा अर्थ 'गप्प बसा' असाच होतो. 2016 साली निघालेल्या मोर्चांना आपण मुद्दाम 'मूक' हे विशेषण लावले, ते मुकेपणा शांततेहून वेगळा असतो म्हणूनच. माझे मत 'हिंसा न करता एकत्र जमण्याचा हक्क' असे लिहावे.

गोमाई (शहादा)

ताई, 'एकत्र जमणे' तर लग्नातही होते. मला 'निदर्शने' हा शब्द योग्य वाटतो. 'आपल्या निदर्शनास आणून देतो' असे आपण प्रत्येक सरकारी अर्जात लिहितो. त्याच धातूपासून निदर्शने आली. जे मालकाला दिसत नाही किंवा ज्याकडे तो पाहत नाही, ते त्याच्या नजरेस आणून देणे, यात गुन्हा कसला? हिंदीतल्या 'प्रदर्शना'शी मात्र गल्लत होऊ देऊ नये, कारण आपल्याकडे प्रदर्शन कृषी मालाचे किंवा चित्रांचे असते.

'मोर्चा' सुचवणार होतो, पण तो फारसीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ तोफा लावण्याची आडोशाची जागा असा आहे. भाषांतर करणाऱ्याने मूळ अर्थ घेतला तर अनर्थ होईल. तरीही सांगतो, 1972 साली आमच्या शहाद्यात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेच्या पुढाकाराने भिल्ल शेतमजूर जमिनीसाठी आणि मजुरीसाठी उभे राहिले, तेव्हा वडिलांच्या तोंडी मोर्चा हाच शब्द असे. त्यात त्यांना युद्ध कधी दिसले नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरले, उचल घेतली की पुढच्या आखाजीपर्यंत सालदाराला दुसरा मालक पाहता येत नसे. कफिलाच्या, म्हणजे आखातातल्या प्रायोजक मालकाच्या, परवानगीशिवाय नोकरी बदलता न येणारी मुले मला त्या सालदारांहून फार वेगळी वाटत नाहीत.

सीमेवरचा (नवापूर)

आमच्या गावात मराठी आणि गुजराती एकाच ओट्यावर बोलल्या जातात. गुजरातीत 'संप' म्हणजे एकोपा. भावाभावांत संप असावा, असे आजी म्हणायची. कामबंदीला तिथे 'हडताळ' म्हणतात. मराठीतल्या संपाचा जुना अर्थही एकजूट, विशेषतः वरच्याविरुद्ध केलेली एकजूट, असाच होता. मग गुरुजींच्या भाच्याने लिहिले ते मुळात खरेच होते : आम्ही एक आहोत. शब्द गुन्हेगार नाही, त्याला गुन्हा ठरवणारा कायदा चुकीचा आहे.

तापीकर (भुसावळ)

संप हा 'संपणे' या क्रियापदाशी जोडलेला आहे, असे आमचे शिक्षक सांगत : काम संपवणे, थांबवणे. गुजराती अर्थ योगायोगाने जुळला असावा.

सीमेवरचा (नवापूर)

आपल्या शिक्षकांचा मान ठेवून सांगतो, हे पटत नाही. संपात काम संपत नाही, ते अडवून धरलेले असते, आणि मागणी मान्य झाली की पुन्हा सुरू होते. अमळनेरच्या प्रताप मिलच्या कामगारांनी संप केले ते मिल संपवण्यासाठी नव्हे.

गिरणा (चाळीसगाव)

आपण सगळे एक जुना शब्द विसरत आहात : धरणे. मराठेशाहीत पगार थकला की शिपाई सरदाराच्या किंवा कारभाऱ्याच्या दाराशी धरणे धरून बसत. सावकार ऋणकोच्या उंबऱ्यावर बसे. म्हणजे या शब्दाच्या पोटातच थकलेला पैसा आहे, आणि गुरुजींच्या भाच्याने नेमके तेच केले. कार्यालयापुढच्या मोकळ्या जागेत बसून राहण्याला दुसरे नाव नाही.

पांझरा (धुळे)

शब्द अर्थपूर्ण आहे खरा, पण त्याच्यामागे खटलाही आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या 508 व्या कलमाखाली जे उदाहरण दिले होते ते धरण्याचेच होते : समोरच्यावर देवाचा कोप होईल असे भासवून त्याच्या दाराशी बसणे. इंग्रजी राजवटीने आपल्या या शब्दालाही गुन्ह्याच्या यादीत बसवले होते. शिवाय गुरुजींनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. जुलै 2024 मध्ये संयुक्त अरब अमिरातीत 57 बांगलादेशी कामगारांना शिक्षा झाल्या, तिघांना जन्मठेप, एकाला 11 वर्षे आणि बाकीच्यांना 10 वर्षे. आणि ते जमले होते ते मालकाविरुद्ध नव्हे, तर स्वतःच्या देशातल्या सरकारविरुद्ध. सप्टेंबरमध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांना माफी दिली. माफी ही कृपा असते. हक्क मान्य झाला असे तिने ठरत नाही. संप आणि धरणे हे दोन्ही शब्द पगाराच्या भांडणापुरते आहेत, या 57 जणांनी केले ते त्यांत बसत नाही.

पत्रकात हेही स्पष्ट लिहावे : कतार 2018 साली 1966 च्या त्या करारात सामील झाला, पण तिथल्या 2004 च्या श्रम कायद्याने संघटना करण्याची मुभा फक्त कतारी कामगारांना दिली आहे, सौदी अरेबिया आणि अमिराती तर करारातच नाहीत. कामासाठी परदेशी गेलेल्यांसाठीचा 1990 चा वेगळा आंतरराष्ट्रीय करार 2003 पासून अमलात आहे, पण त्यात ना आखाती देश आहेत, ना भारत. मुलांना हक्क सांगताना त्याच्या मागची ही भिंतही दाखवली पाहिजे, नाहीतर आपलेच पत्रक त्यांना खड्ड्यात लोटेल.

तापीकर (भुसावळ)

मग 'सत्याग्रह' का नको? तो शब्दच परदेशी कामावर गेलेल्या आपल्या माणसांच्या लढ्यात घडला. दक्षिण आफ्रिकेतल्या चळवळीला 'पॅसिव्ह रेझिस्टन्स' हे नाव गांधीजींना पटेना, म्हणून 'इंडियन ओपिनियन'च्या वाचकांकडून नावे मागवली गेली. मगनलाल गांधींनी 'सदाग्रह' सुचवला आणि त्याचा पुढे 'सत्याग्रह' झाला. नोव्हेंबर 1913 मध्ये दोन हजारांहून अधिक गिरमिटिये, म्हणजे कराराने बांधून नेलेले मजूर, 3 पौंडांच्या कराविरुद्ध नातालमधून ट्रान्सवालकडे पायी निघाले, आणि 1914 साली तो कर रद्द झाला. परक्या मुलुखात मजुराने निःशस्त्र उभे राहण्याला शंभर वर्षांपूर्वीच आपल्या भाषेत नाव मिळाले आहे.

गोमाई (शहादा)

हे मात्र मनापासून पटले. फक्त वीस वर्षांच्या मुलाला हा शब्द इतिहासाच्या पुस्तकातला वाटेल, स्वतःचा वाटणार नाही, अशी भीती आहे.

सीमेवरचा (नवापूर)

गांधीजी 9 जानेवारी 1915 रोजी परतले म्हणून त्या तारखेला 'प्रवासी भारतीय दिवस' असतो. पण मराठीत प्रवासी म्हणजे एसटीत बसलेला माणूस. घर सोडून परमुलुखात राहणे हा 'प्रवासा'चा संस्कृत अर्थ हिंदीने ठेवला, आपण तो वाटचालीपुरता केला.

गिरणा (चाळीसगाव)

आणि 'स्थलांतरित' म्हटले की कोणीतरी उचलून दुसरीकडे नेल्यासारखे वाटते. पक्ष्यांसाठी 'स्थलांतर करणारे' म्हणतो, तसे इथेही म्हणावे. 'परदेशी कामगार' तर चालणारच नाही. खानदेशात परदेशी हे आडनाव आहे आणि आमच्या गल्लीतच तीन घरे आहेत.

तापीकर (भुसावळ)

'स्थलांतरी' हे रूप व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. तेच वापरावे.

सीमेवरचा (नवापूर)

निर्दोष असेल, पण बोलते कोण? ऊसतोडीला गुजरातेत जाणारा स्वतःला स्थलांतरी म्हणत नाही, तोडीला चाललो म्हणतो.

बोरीकाठ (अमळनेर)

सर्वांचा ऋणी आहे. पत्रक परवा छापखान्यात द्यायचे आहे, म्हणून 'कामासाठी परदेशी गेलेले' असे सरळ लिहिले आणि तो वाद बाजूला ठेवला. ताईंनी सांगितलेली करारांची स्थिती मथळ्याखालीच चौकटीत घेतली आहे. मथळ्याची जागा मात्र अजून मोकळी आहे. काल भाच्याला ही सारी चर्चा वाचून दाखवली आणि विचारले, तुम्ही त्या दिवशी नेमके काय केले असे तू म्हणशील? तो अहिराणीत म्हणाला, "आम्हीन फक्त आम्हना पगार मांगा." 'मागणी' हा शब्द त्यामुळे मनात घोळतो आहे, परंतु त्या 57 जणांचे काय, या ताईंच्या प्रश्नाला त्यात उत्तर सापडत नाही.

तापीकर (भुसावळ)

'मागणी' चांगला आहे, परंतु एकवचनात त्याला लग्नाचा वास येतो. 'मागण्या मांडण्याचा' म्हणून पाहावे. आणि 'मांगा'तला अनुस्वार हिंदीचा समजू नये; संस्कृत 'मार्ग्' या धातूपासून अहिराणीत तो स्वतंत्रपणे आला असावा.

गोमाई (शहादा)

तो अनुस्वार आमच्याकडच्या भिलोरीतही ऐकू येतो. यावर मला थोडे लिहायचे आहे, उद्या लिहितो.