मदत हवी आहे: बाबांचं एनटी-प्रोबीएनपी आणि अल्ब्युमिन

नमस्कार मंडळी. बाबा ७२ वर्षांचे, हार्ट फेल्युअर, ईएफ (दर ठोक्याला हृदयाच्या कप्प्यातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचं प्रमाण) ३० टक्के. डिस्चार्जच्या वेळी बीएनपी (हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारं संप्रेरक) ६८० होतं, आता दुसऱ्या लॅबमध्ये एनटी-प्रोबीएनपी (बीएनपी तयार होताना सुटणारा जोडीचा तुकडा) २९०० आलं आणि घरात सगळ्यांचं धाबं दणाणलं. हे दोन आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत, एवढं वाचून कळलंय. एनटी-प्रोबीएनपी रक्तात जास्त वेळ टिकतं, त्यामुळे आकडा मोठाच येतो, किडनी कमजोर असली तर आणखी. शिवाय बाबांना सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन हे हार्ट फेल्युअरचं औषध चालू आहे, त्याने बीएनपी वाढू शकतं. म्हणजे यापुढे एनटी-प्रोबीएनपीच धरायचं ना? आणि दर किती महिन्यांनी?

खरी काळजी अल्ब्युमिनची, म्हणजे रक्तातल्या मुख्य प्रथिनाची. २.८ आहे. ३.५ च्या खाली गेलेल्या हृदयरुग्णांमध्ये धोका जास्त दिसतो म्हणे. संध्याकाळी मोजे काढले की घोट्यावर खोल वळ राहतो. जेवण म्हणजे अर्धी पोळी आणि वाटीभर वरण. क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा आकडा) वाढून १.९ असल्याने प्रथिनं वाढवायलाही भीती वाटते.

कुणाच्या घरी हृदय आणि किडनी दोन्ही सांभाळून अल्ब्युमिन सुधारलंय का? कमी मिठात काय खाऊ घातलंत? लघवीतून प्रथिनं जातात का, हे तपासायला डॉक्टरांना सुचवू का? पुण्यातले अशा रुग्णांचा अनुभव असलेले आहारतज्ज्ञ माहीत असतील तर कृपया कळवा.