हंगेरीत दोन वर्षे शिकताना तिथली संस्कृती खरोखर अनुभवायची असेल, तर काय करावे?

प्रश्न : कोथरूडची विद्यार्थिनी

सर्वांना नमस्कार. जीवरसायनशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मला हंगेरी सरकारची शिष्यवृत्ती मिळाली असून येत्या सप्टेंबरपासून दोन वर्षे मी सेगेद शहरात राहणार आहे. क जीवनसत्त्वावरील कामासाठी १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळवणारे आल्बेर्त सेंट-ग्यॉर्गी तिथे प्राध्यापक होते आणि तिथल्याच पापरिका मिरचीतून त्यांनी ते जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणावर वेगळे केले, म्हणून हे शहर मी आवर्जून निवडले.

अभ्यासाची मला चिंता वाटत नाही. परंतु परदेशी शिकून आलेल्या काही परिचितांशी बोलताना जाणवले की त्यांची सारी वर्षे वसतिगृहातील भारतीय मंडळी आणि सुट्टीतल्या व्हिएन्ना-प्रागच्या सहली यांतच सरली. ज्या देशाने त्यांना शिकवले, तिथल्या एकाही घरात ते पाहुणे म्हणून जेवले नाहीत. माझे तसे होऊ नये असे मनापासून वाटते. सुरुवात कुठून करावी? मी शाकाहारी आहे, अंडी मात्र खाते. त्यामुळे लोकांच्या घरी जाणे अवघड होईल का?

उत्तर : सेगेदमध्ये तीन वर्षे राहिलेला, सध्या बाणेर

सुरुवात भाषेपासून करा, आणि ती पुण्यातूनच करा. हंगेरियन आपल्या भाषाकुळातली नाही, फिनिश आणि एस्टोनियन या तिच्या दूरच्या नातलग आहेत. तरीही मराठी माणसाला तिची घडण परकी वाटत नाही. 'हाझ' म्हणजे घर, 'हाझबॉन' म्हणजे घरात आणि 'हाझबोल' म्हणजे घरातून. आपण जसा नामाच्या शेवटी प्रत्यय जोडतो तसाच तेही जोडतात. प्रत्यय लागताना आपल्या 'घोडा'चे 'घोड्या' होते, तसे सफरचंदासाठी असलेल्या 'ऑल्मॉ' शब्दाचे तिथे 'ऑल्मा' होते. फरक इतकाच की तिथे प्रत्ययातील स्वरही मूळ शब्दाच्या स्वरांशी जुळवून घेतो, म्हणून 'केर्त' म्हणजे बाग, पण बागेत म्हणताना 'केर्तबेन'. हे सारे त्यांच्या रोमन लिपीत वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी : त्यांचे 'एस' हे अक्षर 'श' असे उच्चारतात. बुडापेस्ट त्यांच्या तोंडी 'बुदॉपेश्त' आहे.

याहून जवळचे वाटेल ते संबोधन. 'तू' आणि 'आपण' यांतला भेद ते काटेकोरपणे पाळतात, आणि लहानांनी वडीलधाऱ्यांना हाक मारताना नावापुढे 'नेनी' किंवा 'बाची' लावण्याची रीत आहे, अगदी आपल्या काकू-काकांसारखी. मात्र पन्नाशीच्या बाईंना तुम्ही 'नेनी' म्हटलेत तर त्यांना ते आवडेलच असे नाही. कोणाला काय म्हणावे हे त्यांनाच विचारणे उत्तम.

मला पहिल्यांदा जेवायला बोलावले ते वरच्या मजल्यावरच्या आजींनी. ऑक्टोबर संपत आला होता, बाजारात सगळीकडे शेवंती होती, आणि पुण्यात सणाला शेवंती आणण्याची सवय असल्यामुळे मी पांढऱ्या शेवंतीचा गुच्छ घेऊन गेलो. त्यांनी तो शांतपणे फुलदाणीत ठेवला आणि जेवण झाल्यावर सांगितले की ही फुले आमच्याकडे कबरीवर वाहतात. भेटीला न्यायची ती दुसरी फुले, आणि तीही विषम संख्येने. मला फार वाईट वाटले. तेव्हा त्या म्हणाल्या की आता आणलीच आहेस, तर १ नोव्हेंबरला माझ्याबरोबर चल. त्या दिवशी संध्याकाळी सारी दफनभूमी मेणबत्त्यांनी उजळलेली होती, कुटुंबेच्या कुटुंबे आपापल्या माणसांपाशी उभी होती, आणि मला सर्वपित्रीला पान वाढून कावळ्याची वाट पाहणारे माझे वडील आठवले. हंगेरीत मी अनेक उत्सव पाहिले, मोहाच या शहरातला फेब्रुवारीतला लाकडी मुखवट्यांचा बुशो उत्सवही पाहिला, तोही अवश्य पाहावा. पण तो देश मला आपला वाटू लागला तो त्या संध्याकाळपासून.

सेगेदच्या लोकांशी बोलायला पुणेकराकडे आणखी एक विषय असतो : पूर. मार्च १८७९ मध्ये तिसा नदीने हे शहर बुडवले तेव्हा सुमारे ५,७०० घरांपैकी ३०० सुद्धा उरली नाहीत. नंतर शहर नव्याने आखले गेले आणि मदत करणाऱ्या शहरांची नावे बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्याच्या भागांना दिली गेली, म्हणून तिथे लंडन, पॅरिस, रोम, ब्रुसेल्स अशा नावांचे रस्ते सापडतात. मी आजींना १२ जुलै १९६१ च्या पानशेतबद्दल सांगितले तेव्हा त्यांनी किती प्रश्न विचारले! नदीकाठच्या माणसांना हे समजावून सांगावे लागत नाही.

उत्तर : संगीतशिक्षिका, सदाशिव पेठ

वरील उत्तरात संगीताचा उल्लेख राहिला आहे. हंगेरीत जाऊन लोकगीते न ऐकता परत येऊ नका. विसाव्या शतकाच्या आरंभी बेला बार्तोक आणि झोल्तान कोदाय हे दोघे हंगेरियन संगीतकार फोनोग्राफ घेऊन खेडोपाडी हिंडले आणि शेतकऱ्यांची गाणी मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रित केली. त्यांतल्या जुन्या थराच्या पुष्कळ गाण्यांत पाचच मुख्य स्वर आहेत, सा, कोमल ग, म, प आणि कोमल नि. म्हणजे आपल्या धानी रागाचे स्वर. कोदाय पद्धतीने मुलांना शिकवतानाही 'दो' हा पहिला स्वर कोणत्याही पट्टीत धरता येतो, जसा आपला षड्ज.

प्रत्यक्ष अनुभवासाठी 'तांत्सहाझ' शोधा. हा शब्द आता तुम्हाला फोडता येईल, तांत्स म्हणजे नृत्य. १९७२ मध्ये बुडापेस्टमध्ये सुरू झालेल्या या मेळाव्यांत वादक समोर बसून वाजवतात, आधी पावले शिकवली जातात आणि मग सगळेच नाचतात. प्रेक्षक असा वेगळा वर्ग नसतो. २०११ मध्ये युनेस्कोने या पद्धतीचा गौरव केला. तुम्हाला गाता येत असो वा नसो, आपल्याकडचे एक गाणे मात्र नीट पाठ करून जा. तुमच्याकडे काय गातात, असे कोणीतरी विचारतेच, आणि त्या वेळी चित्रपटगीताखेरीज काही सुचू नये ही खंत मी स्वतः अनुभवली आहे.

उत्तर : देब्रेत्सेनमध्ये शिकलेली, औंध

आहाराचे थोडक्यात सांगते. गुयाश हे मांसाचे सूप आहे, आणि डाळीच्या किंवा घेवड्याच्या सूपमध्येही धुरावलेले डुकराचे मांस बहुधा असते, म्हणून 'हूश नेल्क्युल', म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पहिल्याच दिवशी शिका. 'फोझेलेक' नावाची दाट भाजी पालक, मटार, बटाटा, मसूर अशा अनेक प्रकारांत मिळते. तिच्यावर वेगळा वाढलेला मांसाचा तुकडा नको म्हणून सांगावे. ढोबळी मिरची, टोमॅटो आणि कांद्याचे 'लेचो' आपल्या जिभेला सर्वांत जवळचे, मात्र त्यात सॉसेज नाही ना आणि ते चरबीत परतले आहे की तेलात, हे विचारावे. कोणी जेवायला बोलावले, तर शाकाहाराबद्दल आमंत्रण स्वीकारतानाच सांगा. ताटावर बसून नकार देण्याने यजमानीणबाई खरोखर दुखावतात.

कोथरूडची विद्यार्थिनी

तिघांचीही मी अत्यंत ऋणी आहे. मुळशीकडच्या माझ्या आजीला जात्यावरच्या ओव्या येतात, हे मला माहीत होते, पण त्या मी कधी शिकून घेतल्या नव्हत्या. काल तिच्याकडून दोन ओव्या चालीसकट ध्वनिमुद्रित करून घेतल्या. संगीतशिक्षिका ताईंना एक विचारायचे आहे : चाल जेमतेम चार स्वरांत फिरते आणि आजी प्रत्येक वेळी थोडी निराळी म्हणते, तर त्यांतली कोणती पाठ करावी?