नवा टीव्ही : कमी किंमत पाहावी की वॉरंटीची खात्री?

हिशेबी (चर्चाप्रस्ताव)

नवा टीव्ही घेण्याचा विषय निघाला की "चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण वॉरंटीची खात्री असेल तिथूनच घ्या" हा सल्ला हमखास मिळतो. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, मात्र त्यामागचा हिशेब कोणी मांडून दाखवत नाही. तो येथे मांडतो. ज्यांना पटणार नाही त्यांनी तो अवश्य खोडून काढावा.

माझे म्हणणे असे की निर्मात्याची वॉरंटी संचाबरोबर येते, दुकानाबरोबर नव्हे. अधिकृत विक्रेत्यांपैकी कोणाकडूनही संच घेतला तरी वॉरंटीपत्रकातला मजकूर तोच असतो, तक्रार नोंदवण्याचा क्रमांक तोच असतो आणि दुरुस्तीला येणारा तंत्रज्ञही त्याच सेवा केंद्राचा असतो. असे असताना त्याच मॉडेलसाठी एका विक्रेत्याला दुसऱ्यापेक्षा जास्त रक्कम मोजण्याचे कारण काय? ती जास्तीची रक्कम दुकानाच्या भाड्यात आणि झगमगाटात जाते, आपल्या संरक्षणात नव्हे.

विस्तारित वॉरंटीचा, म्हणजे मूळ मुदत संपल्यावरच्या काळासाठी वेगळे पैसे देऊन घेतलेल्या वॉरंटीचा, प्रकार तर याहून महाग. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बिघाडाचा एक ठरावीक आलेख असतो, ज्याला अभियंते बाथटब वक्र म्हणतात : सुरुवातीला निर्मितीतले दोष बाहेर पडतात, मग बिघाडाचे प्रमाण उतरून दीर्घकाळ सपाट राहते आणि शेवटी भाग झिजू लागले की पुन्हा चढते. पहिला टप्पा निर्मात्याच्या मूळ वॉरंटीत येतो. आपण पैसे देऊन विकत घेतो तो प्रामुख्याने मधला, सर्वांत सुरक्षित टप्पा. समजा, विस्तारित वॉरंटीसाठी संचाच्या किमतीच्या १२ टक्के मागितले, त्या काळात बिघाडाची शक्यता ८ टक्के धरली आणि दुरुस्तीचा सरासरी खर्च किमतीच्या ४० टक्के धरला, तर अपेक्षित नुकसान ३.२ टक्के निघते. आकडे उदाहरणादाखल आहेत, ज्याने त्याने आपले घालून पाहावेत. पण अपेक्षित खर्च मागितलेल्या रकमेच्या जवळपास पोहोचवायचा तर बिघाडाची शक्यता फारच चढी धरावी लागते.

त्याऐवजी खरेदीची वेळ साधावी. बहुतेक मोठे निर्माते दर जानेवारीत लास व्हेगासच्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या प्रदर्शनात नवी मॉडेले जाहीर करतात. ती पुढच्या काही महिन्यांत बाजारात उतरू लागली की आदल्या वर्षीची मॉडेले स्वस्त होतात, आणि चित्राच्या दर्जात या दोन वर्षांमध्ये पुष्कळदा नाव घेण्याजोगा फरक नसतो.


चौकस

वॉरंटीपत्रकातला मजकूर सगळीकडे सारखा असतो हे मान्य आहे, पण पत्रकात जे नसते त्यासाठीच विक्रेता लागतो, आणि आपल्या हिशेबात तो रकाना मोकळा आहे.

वाहतुकीत पॅनेलला, म्हणजे चित्र उमटते त्या काचेच्या पडद्याला, तडा गेला, तर निर्मात्याच्या लेखी तो भौतिक आघात ठरतो आणि वॉरंटीतून सरळ बाहेर पडतो. तेथे जबाबदारी घेऊ शकतो तो केवळ विक्रेता. मोठ्या पडद्याचे संच उभेच न्यावे लागतात. आडवे ठेवून नेले तर काचेवर तिच्याच वजनाचा ताण येतो आणि कधीकधी तडा बाहेरून दिसतही नाही, संच चालू केल्यावरच काळा डाग किंवा उभ्या रेघा उमटतात. अशा वेळी "खोके सुस्थितीत मिळाले" या ओळीखाली आपली सही असेल, तर कमी किमतीत मिळालेला तो संच भिंतीवर टांगलेली नुसती काच होऊन बसतो.

दुसरी गोष्ट मृत पिक्सेलांची, म्हणजे पडद्यावरच्या नीट काम न करणाऱ्या चित्रबिंदूंची. ४के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. त्यातले मोजके बंद किंवा अडकलेले असले तरी बरेच निर्माते त्याला दोष मानत नाहीत, आणि अशा मर्यादा ठरवण्यासाठी आयएसओ ९२४१-३०७ या मानकात पिक्सेलदोषांचे वर्गच केलेले आहेत. पडद्याच्या ऐन मध्यभागी एक ठिपका सतत चमकत राहिला, तर तांत्रिकदृष्ट्या आपला संच निर्दोष असतो! येथे उपयोगी पडते ती विक्रेत्याची वस्तू परत घेण्याची मुदत, वॉरंटी नव्हे. ही मुदत विक्रेत्यागणिक बदलते आणि किमतीतला फरक बऱ्याचदा तिचाच असतो.

आणि "अधिकृत विक्रेत्यांपैकी" हे दोन शब्द आपण सहज लिहून गेलात, पण सर्वांत कमी किंमत जेथे दिसते तेथे नेमके तेच शब्द गळालेले असतात. ऑनलाइन बाजारपेठेत नाव मोठ्या संकेतस्थळाचे दिसते आणि पावतीवर भलताच विक्रेता निघतो. परदेशातून परस्पर आणलेल्या संचांना कित्येकदा स्थानिक वॉरंटी लागूच होत नाही, शिवाय त्यातला ट्यूनरही, म्हणजे वाहिन्या पकडणारा भाग, निरुपयोगी ठरू शकतो, कारण अमेरिकेत एटीएससी, युरोपात डीव्हीबी-टी किंवा डीव्हीबी-टी२, जपान आणि ब्राझीलमध्ये आयएसडीबी-टी आणि चीनमध्ये डीटीएमबी अशा वेगवेगळ्या प्रसारणपद्धती आहेत.


हिशेबी

आपण मांडलेल्या तिन्ही गोष्टी खरेदीपूर्वी तपासता येतात : परतीची मुदत वाचता येते, निर्मात्याकडे विक्रेत्याची खातरजमा करता येते आणि संच चालू करून पाहिल्याशिवाय सही न करण्याचा आग्रह धरता येतो. हे सर्व पाहून उरलेल्यांत जो स्वस्त तो घ्यावा, एवढेच माझे म्हणणे आहे. तपासणी फुकट असते, महागडे दुकान नाही.


दुरुस्तीकार

टीव्हीची दुरुस्ती हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे वरच्या दोघांच्या वादात जे राहून गेले आहे ते सांगतो. किंमत आणि वॉरंटी यांची तुलना करण्यापूर्वी टीव्हीत नेमके काय बिघडते हे पाहिले पाहिजे, कारण सर्व बिघाड सारखे नसतात आणि सरासरीच्या हिशेबात हा फरक बुजून जातो.

एलसीडी प्रकारच्या संचांत वारंवार दिसणारा बिघाड बॅकलाइटचा. पॅनेलच्या मागे एलईडीच्या पट्ट्या असतात आणि पट्टीतले एलईडी सहसा एकापुढे एक मालिकेत जोडलेले असतात. एक जरी तुटला तरी पट्टी विझते, आणि बऱ्याच संचांत संरक्षक यंत्रणा मग सगळाच प्रकाश बंद करते. आवाज येतो, पडदा काळा. ग्राहक घाबरतो, पण पट्ट्या मिळाल्या तर ही दुरुस्ती नव्या संचाच्या तुलनेत किरकोळ खर्चात होते. दुसरा नेहमीचा बिघाड वीजपुरवठ्याच्या बोर्डाचा : इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने कोरडे पडतात किंवा विजेच्या दाबातील अचानक चढामुळे एखादा भाग जळतो. तोही आटोक्यातला खर्च. मुख्य बोर्ड त्याहून महाग, तरी परवडतो.

पॅनेलचे मात्र तसे नाही. संचातला सर्वांत महाग भाग तोच, आणि तो बदलण्याचा खर्च पुष्कळदा नव्या संचाच्या किमतीच्या इतका जवळ जातो की आम्हीच ग्राहकाला नको म्हणतो. बाहेरून आघात झालेला नसतानाही पॅनेलच्या कडेला चिकटवलेल्या लवचिक जोडपट्ट्या सुटू शकतात आणि पडद्यावर उभी रेघ येते. ओलेड संचांत पिक्सेल स्वतःच प्रकाश देतात, बॅकलाइट नसतो, पण तेथे स्थिर चित्राचा कायमचा ठसा उमटण्याचा धोका असतो. वृत्तवाहिनीचे बोधचिन्ह रोज तासन्तास एकाच कोपऱ्यात राहिले की त्या जागेचे पिक्सेल इतरांपेक्षा लवकर मंदावतात. कित्येक वॉरंटीपत्रकांत हा ठसा दोष म्हणून धरलाच जात नाही.

म्हणून हिशेबी यांच्या ४० टक्के सरासरी खर्चाशी मी सहमत नाही. प्रत्यक्षात १० टक्क्यांच्या आतले बिघाड पुष्कळ आणि ८०-९० टक्क्यांचे थोडे अशी ही विभागणी असते, आणि विस्तारित वॉरंटी घ्यायचीच तर ती त्या थोड्यांसाठी. ती घेताना तीन प्रश्न लेखी विचारावेत. पॅनेल समाविष्ट आहे का? भरपाई देताना घसारा कापणार का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पैसे देणारा कोण : निर्माता, विक्रेता, विमा कंपनी की चौथाच कोणी? विक्रेत्याने स्वतः दिलेली वॉरंटी त्याचे दुकान चालू असेतोवरच खरी.

चौकस यांनाही एक सांगणे आहे. महागड्या दुकानाची गोड वागणूक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कामाला येत नाही. तेव्हा कामाला येते ते जवळचे सेवा केंद्र आणि त्या मॉडेलच्या सुट्या भागांची उपलब्धता. बिघाड झाल्यावर तंत्रज्ञ घरी येणार की संच आपण उचलून न्यायचा, हे मी तरी विक्रेत्याच्या नावाआधी विचारेन. ६५ इंची संच उचलून न्यायचा म्हणजे काय, हे ज्याने नेला त्यालाच ठाऊक.


नियमप्रिय

हा प्रश्न केवळ ग्राहकाच्या चतुराईवर सोडण्याची गरज नाही. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार, जो १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला, वस्तू मिळाल्यापासून किमान दोन वर्षे मूळ दोषांबद्दल विक्रेता स्वतः ग्राहकाला उत्तरदायी असतो. निर्मात्याकडे बोट दाखवून त्याला सुटता येत नाही. त्याशिवाय टीव्ही आणि इतर पडद्यांसाठीच्या नियमांत, शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान सात वर्षे काही सुटे भाग दुरुस्ती व्यावसायिकांना उपलब्ध ठेवण्याचे बंधन आहे. जेथे असा कायदा आहे तेथे हिशेबी यांचा "वॉरंटी संचाबरोबर येते, दुकानाबरोबर नव्हे" हा पायाच बदलतो, कारण कायद्याने येणारी जबाबदारी नेमकी दुकानाची असते. तेव्हा आपल्या येथील ग्राहक कायदा विक्रेत्याला कितपत बांधतो, हे प्रत्येकाने खरेदीआधी पाहावे.


हिशेबी

हा युक्तिवाद माझ्याच बाजूला झुकतो असे मला वाटते. कायद्याने प्रत्येक विक्रेता सारखाच बांधला जात असेल, तर महागड्या विक्रेत्याकडे जाण्याचे उरलेसुरले कारणही संपते.


चौकस

कायदा सर्वांना सारखा बांधतो, पण तो प्रत्यक्षात उतरवून घेण्याचे श्रम सारखे नसतात. एका विक्रेत्याकडे जाऊन उभे राहता येते, दुसऱ्याकडे केवळ स्वयंचलित उत्तरे देणारी खिडकी असते. मला किंमत द्यावीशी वाटते ती या फरकाची.


बारकावे

संपूर्ण चर्चा "तेच मॉडेल" या गृहीतकावर उभी आहे, म्हणून त्याबद्दल लिहितो. निर्माते मोठ्या विक्रेत्यांसाठी मॉडेल क्रमांकात एखादे अक्षर बदलून वेगळी आवृत्ती काढतात. कधी फरक फक्त स्टँडच्या रंगाचा असतो, तर कधी एचडीएमआय जोडण्यांची संख्या, ध्वनीची क्षमता किंवा पडद्याचा रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा बदलते तो दर) कमी केलेला असतो. क्रमांक वेगळा असल्यामुळे "दुसरीकडे स्वस्त मिळाल्यास फरक परत" हे आश्वासन देणाऱ्या दुकानाला ते पाळावेच लागत नाही. त्यावर कडी म्हणजे, क्रमांक अक्षरशः एक असूनही आतले पॅनेल निरनिराळ्या कारखान्यांतले असू शकते. एका नगात आयपीएस आणि दुसऱ्यात व्हीए या एलसीडीच्या दोन वेगळ्या प्रकारांचे पॅनेल निघाल्याची उदाहरणे जाणकारांना माहीत आहेत, आणि त्या दोहोंत काळ्या रंगाचा गडदपणा व बाजूने पाहतानाचा रंग यांत डोळ्यांना दिसेल इतका फरक असतो.


दर्शक

म्हणूनच दुकानात जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावे, असे माझे मत आहे. दुकानदाराला जास्तीचे पैसे द्यायचे ते यासाठी.


बारकावे

दुकानात दिसते ते चित्र घरी दिसत नाही. तेथील प्रखर उजेडात उठून दिसावे म्हणून संच प्रदर्शन मोडवर ठेवलेले असतात : उजळपणा टोकाला, रंग भडक, आणि दाखवली जाणारी चित्रफीतही निर्मात्याने आपल्या पडद्याला शोभेल अशी निवडलेली. रिमोट मागून घेऊन चित्रपट मोड लावायला आणि साधी वाहिनी दाखवायला सांगितले, तरच त्या पाहण्याला काही अर्थ आहे. शिवाय आपण पाहिलेला नग वेगळा आणि खोक्यातून घरी येणारा वेगळा.


चौकस

बारकावे यांच्या मुद्द्यावरून माझे मत पक्केच होते. पॅनेल कोणते निघेल हे आधी कळणार नसेल, तर घरी चालू करून पाहून, कारण न देता परत करण्याची सोय हीच खरी खात्री. त्या सोयीसाठी मी किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जास्त देईन. त्याहून अधिक फरक असेल तर मात्र हिशेबी यांच्या मार्गाने जाईन.


हिशेबी

पाच टक्क्यांवर मी अडून बसणार नाही, पण माझी मर्यादा दोन टक्के आहे आणि तीही परतीचा वाहतूक खर्च विक्रेता उचलणार असेल तरच. मोठा संच पुन्हा खोक्यात घालून पाठवण्याचा भार ग्राहकावर असेल, तर परतीची सोय कागदावरच राहते.


दुरुस्तीकार

त्यासाठी खोके आणि आतले थर्मोकोल परतीची मुदत संपेपर्यंत फेकू नका, कारण मूळ वेष्टनाशिवाय संच परत घेण्यास बरेच विक्रेते नकार देतात. आणि भिंतीवर टांगण्याची घाई त्याच मुदतीत करू नका. मागच्या छिद्रांत प्रमाणापेक्षा लांब स्क्रू घातला की तो थेट आतल्या भागांना भिडतो, आणि मग हा वाद घालणाऱ्या दोघांपैकी कोणाचाच विक्रेता तो संच परत घेणार नाही.