जुळ्यांपैकी पहिल्याचे डोके खाली, दुसरे आडवे : प्रसूतीचे नियोजन कसे करावे?

सांजवात (प्रश्न)

मला सध्या ३३ वा आठवडा सुरू असून पोटात जुळी आहेत. ही माझी पहिलीच खेप आहे. दोन्ही बाळांची वार वेगवेगळी आहे आणि पाणपिशव्याही दोन आहेत, हे तिसऱ्या महिन्यातील सोनोग्राफीतच स्पष्ट झाले होते. परवाच्या तपासणीत पहिल्या बाळाचे डोके खाली असल्याचे दिसले. दुसरे मात्र गर्भाशयाच्या वरच्या भागात आडवे पसरले आहे, डोके माझ्या डाव्या कुशीकडे आणि पाय उजवीकडे. अंदाजे वजने १९०० आणि १७८० ग्रॅम आहेत. रक्तदाब आणि साखर ठीक आहे.

पहिल्याचे डोके असेच खाली राहिले तर नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करता येईल, असे डॉक्टरांनी सांगितले आणि शेवटी म्हणाले, ‘तुम्ही दोघे विचार करून कळवा.’ तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. यजमानांना ठरलेली तारीख हवी आहे, म्हणजे रजा आणि धावपळ यांचे गणित बसवता येईल. जाऊबाईंचे म्हणणे असे की, एक बाळ आडवे असताना कळा सोसण्यात काही अर्थ नाही, सरळ सिझेरियन करून मोकळे व्हावे. मला स्वतःला शस्त्रक्रियेची भीती फारशी नाही. पण पहिले बाळ नैसर्गिकरीत्या जन्मले आणि दुसऱ्यासाठी ऐन वेळी पोट उघडावे लागले, तर काय, हा विचार झोपू देत नाही. दुसरे बाळ अजून वळेल का, न वळल्यास काय करतात, आणि आम्ही डॉक्टरांना नेमके काय विचारावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पैलतीर

मी अनेक वर्षे प्रसूतितज्ज्ञ म्हणून काम केले असून आता निवृत्त आहे. आपले अहवाल मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे हे उत्तर सर्वसाधारण माहिती म्हणून वाचावे. निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच व्हावा.

आपण वारेचा उल्लेख सुरुवातीलाच केला हे फार चांगले झाले, कारण जुळ्यांची प्रसूती केव्हा करायची हे मुख्यतः वार आणि पिशव्या यांवर ठरते. वार आणि पिशव्या दोन असून सारे सुरळीत असेल, तर ब्रिटनमधील नाइस या संस्थेची २०१९ ची मार्गदर्शिका ३७ आठवडे पूर्ण झाल्यावर प्रसूती घडवून आणण्याचा पर्याय द्यावा असे म्हणते; अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांची संघटना ३८ आठवडे पूर्ण होईपर्यंत थांबायला सांगते. वार एकच आणि पिशव्या दोन असतील तर ब्रिटनमध्ये हाच आकडा ३६ वर येतो. दोन्ही बाळे एकाच पिशवीत असतील तर नाळांचा गुंता होण्याचा धोका असल्याने ३२ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान सिझेरियनच केले जाते. आपल्या यजमानांना तारीख हवी आहे हे मी समजू शकतो, परंतु जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक प्रसूती ३७ आठवड्यांच्या आतच होतात. तारीख ठरवावी आणि त्याच बैठकीत ‘त्याआधी कळा आल्या तर काय’ हेही ठरवावे.

आता स्थितीविषयी. कळा सुरू होतात तेव्हा साधारण ४० टक्के जोड्यांत दोघांचीही डोकी खाली असतात, जवळपास तितक्याच जोड्यांत पहिल्याचे डोके खाली आणि दुसरे पायाळू किंवा आडवे असते, आणि उरलेल्या सुमारे २० टक्क्यांत पहिलेच पायाळू अथवा आडवे असते. म्हणजे आपली जोडी काही विलक्षण नाही. पहिले बाळ ३४ आठवड्यांच्या आसपास बहुधा आपल्या जागी स्थिरावते. दुसऱ्याला वर जागा मिळत राहते, त्यामुळे ते शेवटपर्यंत, इतकेच काय, पहिले जन्मल्यानंतरही फिरू शकते. आज ते कसे आहे यावरून प्रसूतीच्या दिवशी ते कसे असेल हे सांगता येत नाही.

जाऊबाईंची शंका मात्र गंभीरपणे घ्यायला हवी. एकटेच बाळ आडवे असते तर नैसर्गिक प्रसूती शक्यच नव्हती. जुळ्यांतील दुसऱ्याची गोष्ट वेगळी आहे, कारण त्याची पाळी येते तेव्हा गर्भाशयाचे मुख पूर्ण उघडलेले असते आणि जवळपास तेवढ्याच आकाराचे एक डोके त्या वाटेने नुकतेच गेलेले असते. पहिल्याची नाळ कापली की डॉक्टर लगेच सोनोग्राफी करून दुसऱ्याची स्थिती आणि ठोके पाहतात. बाळ आडवे असेल तर पोटावरून हळूहळू ढकलून त्याचे डोके खाली आणता येते, किंवा हात आत घालून पाय धरून बाळ पायाकडून बाहेर घेता येते. पाणपिशवी शाबूत असताना हे वळवणे सोपे जाते, म्हणून दुसरी पिशवी घाईने फोडत नाहीत. या कारणासाठीच जुळ्यांच्या बाळंतपणात पाठीच्या कण्यातून दिली जाणारी भूल आधीच देऊन ठेवण्याचा सल्ला दिला जातो.

यावर मोठा अभ्यास झालेला आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २५ देशांतील सुमारे २८०० स्त्रिया होत्या, आणि त्या सर्वांच्या पहिल्या बाळाचे डोके खाली होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निम्म्यांसाठी सिझेरियनचे आणि निम्म्यांसाठी नैसर्गिक प्रसूतीचे नियोजन केले गेले. बाळाचा मृत्यू किंवा गंभीर इजा यांचे प्रमाण अनुक्रमे २.२ आणि १.९ टक्के आढळले, म्हणजे फरक असा नव्हताच. नैसर्गिक प्रसूतीचे नियोजन केलेल्या गटात सुमारे ४४ टक्के स्त्रियांचे अखेर सिझेरियन झाले. त्यातही आपल्याला ज्याची भीती वाटते तो प्रसंग, म्हणजे पहिले बाळ खालून आणि दुसरे सिझेरियनने, सुमारे ४ टक्के स्त्रियांवर आला.

या आकड्यांना एक अट चिकटलेली आहे, आणि ती अनेकदा सांगायची राहून जाते. त्या चाचणीतील प्रसूती करणारे डॉक्टर दुसरे बाळ पायाकडून काढण्यात तरबेज होते आणि तातडीच्या शस्त्रक्रियेची सोय हाताशी होती. हे कसब हल्ली सर्वत्र आढळत नाही. म्हणून डॉक्टरांना एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारा : ‘दुसरे पायाळू किंवा आडवे बाळ काढण्याचा अनुभव असलेली व्यक्ती माझ्या कळांच्या वेळी, मग ती रात्र असो की सुट्टीचा दिवस, हजर असेल का?’ उत्तर नकारार्थी आले, तर सिझेरियन हा शहाणपणाचा निर्णय ठरेल आणि त्यात कमीपणा काहीच नाही. त्याखेरीज पहिले बाळ फिरून आडवे वा पायाळू झाले, दुसरे पहिल्यापेक्षा बरेच मोठे निघाले, वार खाली सरकलेली असली किंवा ठोक्यांत काही बिघाड दिसला, तरीही सिझेरियनचाच सल्ला मिळेल. आपली वजने सध्या तरी जवळजवळ सारखी आहेत.

मोरपीस

ताई, माझ्या जुळ्यांच्या वेळी दुसरे बाळ पायाळू होते आणि दोघेही नैसर्गिकरीत्या जन्मले, म्हणून अनुभव लिहिते आहे. एकीचा अनुभव दुसरीला लागू पडतोच असे नाही, याची मला कल्पना आहे.

पहिल्याचे रडणे कानावर येत होते, पण त्याला पाहायला मान वळवण्याआधीच एका डॉक्टरांनी माझ्या पोटावर दोन्ही बाजूंनी तळवे घट्ट दाबून धरले होते. काठोकाठ भरलेले पोते कलंडू नये म्हणून दोन्हीकडून धरतात, अगदी तसे. जागा अचानक मोकळी झाली की दुसरे बाळ आडवे पडू शकते, म्हणून हे करतात, असे नंतर समजले. तोवर दुसऱ्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. कळा मंदावल्या होत्या, त्या वाढवण्यासाठी सलाइनमधून औषध सुरू केले. भूल दिलेली असल्यामुळे वेदना जाणवली नाही. आतून काहीतरी जोराने ओढले जात आहे एवढे मात्र स्पष्ट कळत होते. दोघांच्या जन्मात १४ मिनिटांचे अंतर होते आणि त्या १४ मिनिटांत खोलीत ठोक्यांच्या यंत्राशिवाय कुणाचाही आवाज नव्हता.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण मला ती ठाऊक नव्हती. खोलीत नऊ-दहा माणसे होती. प्रत्येक बाळासाठी वेगळे बालरोगतज्ज्ञ आणि परिचारिका, शिवाय भूलतज्ज्ञ आणि प्रसूतीचे डॉक्टर. इतकी गर्दी पाहून काहीतरी बिघडले असावे, असे वाटून मी घाबरले होते. प्रसूतीनंतर गर्भाशय लवकर आकसले नाही, रक्तस्राव जास्त झाला आणि मला एक पिशवी रक्त द्यावे लागले. जुळ्यांत गर्भाशय जास्त ताणलेले असल्याने हा धोका अधिक असतो, त्यामुळे रक्तगट जुळवून रक्ताची व्यवस्था आधी करून ठेवली आहे ना, हे जरूर विचारावे.

काजळरेघ

वर पैलतीर यांनी सांगितलेल्या ४ टक्क्यांतली मी एक. पहिली मुलगी नैसर्गिकरीत्या झाली. दुसरीची पिशवी फुटली तेव्हा पाण्याबरोबर नाळ आधी खाली घसरली आणि पुढच्या काही मिनिटांत मी शस्त्रक्रियेच्या टेबलावर होते. दोघी मुली आज धडधाकट आहेत, परंतु खाली टाके आणि पोटावरही टाके, अशा अवस्थेत दोन तान्ह्या जिवांना पाजणे ही तारेवरची कसरत होती. पहिले दहा दिवस कुशीवर वळतानाही मला आधार लागत असे.

माझी तक्रार शस्त्रक्रियेविषयी नाही, तिने मुलीचा जीव वाचवला. तक्रार एवढीच की असे होऊ शकते हे त्या रुग्णालयात मला आधी कुणीही सांगितले नव्हते. संमतीपत्रावर सही करताना माझे हात कापत होते आणि बाहेर बसलेल्या नवऱ्याला आपले दुसरे मूल गेले असेच वाटले होते. आपण शक्य असल्यास प्रसूती शस्त्रक्रियागृहातच किंवा त्याला लागून असलेल्या खोलीत करण्याचा आग्रह धरावा, आणि संमतीपत्र कळा सुरू होण्यापूर्वी शांतपणे वाचून घ्यावे. मला पुन्हा निवड करायची वेळ आली असती तर मी काय ठरवले असते, याचे उत्तर आजही रोज बदलते.

सांजवात

सर्वांचे मनापासून आभार. आता ३५ वा आठवडा पूर्ण झाला आहे. पहिल्याचे डोके खालीच आहे. दुसरे आता आडवे नसून पायाळू आहे. पैलतीर यांनी सुचवलेला प्रश्न मी शब्दशः विचारला. डॉक्टर क्षणभर थांबले आणि म्हणाले की, ते स्वतः आणि त्यांच्या एक ज्येष्ठ सहकारी असे दोघेच हे करतात; दोघांपैकी एकही उपलब्ध नसेल अशा वेळी कळा आल्या, तर सिझेरियन करणे अधिक सुरक्षित. हे त्यांनी माझ्या कागदपत्रांवर लिहूनही दिले. ३७ आठवडे पूर्ण झाल्यावर, दोघेही हजर असतील असा दिवस पाहून कळा आणण्याचे ठरले आहे. प्रसूती शस्त्रक्रियागृहात होईल. यजमानांना तारीख मिळाली, पण तिच्यापुढे त्यांनीच पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले आहे.

दोन शंका उरल्या आहेत. पोटात दोघे असताना हालचाल कुणाची हे कसे ओळखावे? आणि सिझेरियन झालेच तर ‘पहिले’ आणि ‘दुसरे’ हा क्रम तोच राहतो का?

पैलतीर

हालचालींचा ठरावीक आकडा लक्षात ठेवण्यापेक्षा प्रत्येकाची जागा आणि सवय लक्षात ठेवावी. दोघांपैकी एकाचीही हालचाल नेहमीपेक्षा मंदावल्यासारखी वाटली, तर दुसरे भरपूर हलते आहे या समाधानावर थांबू नये, त्याच दिवशी, रात्र असली तरी, तपासणीला जावे. पाणी जाणे, रक्त जाणे, नियमित अंतराने पोट कडक होणे, तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी येणे यांनाही हाच नियम लागू आहे.

क्रमाबाबत आपली शंका रास्त आहे. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या मुखाजवळचे बाळ पहिले मानतात. सिझेरियनमध्ये मात्र जे हाताशी आधी येते ते आधी बाहेर काढले जाते, त्यामुळे क्रम कधी कधी उलटतो. एखाद्या बाळाविषयी विशेष नोंद असेल तर बालरोगतज्ज्ञांना हे आठवणीने सांगावे लागते. आपल्या बाबतीत तशी नोंद दिसत नाही.

सांजवात

आभारी आहे. पहिल्याची उचकी रोज रात्री उजव्या जांघेच्या वर लागते आणि ती घड्याळाच्या ठोक्यांसारखी एका लयीत असते. दुसऱ्याचे डोके बरगडीखाली कठीण चेंडूसारखे हाताला लागते. तेथे दाबले की ते किंचित बाजूला सरकते आणि थोड्या वेळाने पुन्हा जागेवर येते. कालपासून एका वहीत दोन रकाने आखून दोघांच्या वेळा लिहू लागले आहे. पहाटे दोन ते तीनच्या दरम्यान दोन्ही रकाने भरलेले आहेत.