मदत हवी आहे: मॅस्टोडॉन की ब्लूस्काय?

सोशल मीडियावरचं बारा वर्षांचं जुनं खातं परवा बंद केलं. शिव्या आणि जाहिरातींच्या गर्दीत ओळखीची माणसंच दिसेनाशी झाली होती. आता नवी जागा शोधतोय; मॅस्टोडॉन आणि ब्लूस्काय ही छोट्या पोस्ट लिहायची दोन सोशल नेटवर्कं डोळ्यासमोर आहेत.

मॅस्टोडॉनवर जाहिराती नाहीत, साधारण ५०० अक्षरं लिहिता येतात. पण आधी सर्व्हर (वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या, एकमेकांशी जोडलेल्या ठिकाणांपैकी एक) निवडा म्हणतात, तिथेच घोडं अडलंय! पुढे सर्व्हर बदलला तर फॉलोअर्स सोबत येतात, जुन्या पोस्ट मात्र मागेच राहतात. कुणी असं स्थलांतर केलंय का? ब्लूस्काय सोपं वाटतं, पण मर्यादा ३०० अक्षरांची, आणि मी पडलो पाल्हाळिक.

कू हे ट्विटरसारखं भारतीय अ‍ॅप २०२४ मध्ये बंद झालं, त्यामुळे जरा धास्तीच आहे. पक्षीनिरीक्षण आणि पुस्तकांवर मराठीत लिहिणारी मंडळी नक्की कुठे भेटतील?